गोत्र विचारलं, आईचं नाव सांगितलं

आजचं वाचन : छांदोग्य उपनिषद, अध्याय ४, खंड ४ ते ९



आजचा भाग लहान आहे. मेट्रोत बसल्यावर चार-पाच स्टेशनं जाईपर्यंत वाचून होईल. जमलं तर आधी मूळ वाचा, भाषांतरासह, आणि मग इकडे या. ज्यांना सकाळी वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो.

सत्यकाम नावाचा एक मुलगा आहे. त्याला गुरूंकडे राहून शिकायचंय. तो आईला विचारतो, आपलं गोत्र कोणतं? गुरू पहिल्यांदा तेच विचारणार, हे त्याला माहीत आहे. आईचं नाव जबाला. ती सांगते की तरुणपणी मी पुष्कळ ठिकाणी राबत होते, त्या काळात तू झालास, तुझं गोत्र काय ते मला माहीत नाही. माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम. तेव्हा तू आपला सत्यकाम जाबाल असंच सांग.

मुलगा हारिद्रुमत गौतमांकडे जातो. ते विचारतात, बाळ, तुझं गोत्र काय? आणि मुलगा आईचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगतो. काही गाळत नाही, काही सजवत नाही. गुरू म्हणतात, समिधा घेऊन ये, मी तुझं उपनयन करतो. तू सत्यापासून ढळला नाहीस.

मग ते त्याला चारशे रोडक्या, अशक्त गाई काढून देतात आणि सांगतात, यांच्यामागे जा. तो म्हणतो, हजार झाल्याशिवाय परत येणार नाही. पुढची गोष्ट शेवटी सांगतो, कारण आजचा खरा मुद्दा तिथेच आहे. आधी त्या प्रश्नाकडे बघू.

"आडनाव काय?"

गोत्र हा शब्द आता आपल्यापैकी बहुतेकांना लग्न ठरवताना किंवा पूजेच्या संकल्पातच ऐकू येतो. पण गौतमांनी विचारलेला प्रश्न मेलेला नाही. तो आज आडनावाच्या रूपाने रोज विचारला जातो. भाड्याने फ्लॅट बघायला गेलं की, एसटीत शेजारच्या सीटवरून, नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी कँटीनमध्ये. पहिलं नाव सांगितलं की समोरचा जरा थांबतो आणि मग "पूर्ण नाव?" असं येतं. गाव कुठलं, हे त्यानंतर. ज्याचं आडनाव सांगताना काही अडत नाही त्याला या प्रश्नात काहीच वाटत नाही. ज्याला अडतं त्याला मात्र तो प्रश्न येण्याच्या आधीच ऐकू येतो.

म्हणून म्हटलं, आज थोडं आडनावांकडेच बघू. ती आली कुठून? त्यांच्यात नेमकं लिहिलंय काय?

मराठी आडनावांचे ढोबळ तीन-चार गट पडतात.

पहिला गट गावांचा. गावाच्या नावाला "कर" लावायचं. यात एक गंमत आहे. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव लागत नाही. साताऱ्यात सगळेच सातारचे, तिथे "सातारकर" म्हणून कोणाची वेगळी ओळख पटणार? माणूस साताऱ्याहून उठून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला सातारकर म्हणू लागतात. म्हणजे "कर" लागलेलं आडनाव पुष्कळदा कुठल्या तरी स्थलांतराची नोंद असते. कोणी तरी, कधी तरी, पोटासाठी किंवा दुष्काळामुळे किंवा भावाशी भांडून घर सोडलं होतं. आज हिंजवडीत दुसऱ्या गावाहून येऊन राहिलेले आपण सगळे त्या अर्थाने नवे "कर" आहोत. फक्त आता नवीन आडनाव पडत नाही, आधार कार्ड आधीच बनलेलं असतं.

दुसरा गट हुद्द्यांचा. पाटील म्हणजे गावाचा प्रमुख. जुन्या लेखांत हाच शब्द "पट्टकिल" असा येतो. कुलकर्णी गावच्या जमिनीचा आणि वसुलीचा हिशेब ठेवायचा. देशमुख आणि देशपांडे हीच कामं परगण्याच्या पातळीवर करायचे. चौगुला पाटलाचा मदतनीस. पोतदार नाणी पारखायचा. फारसीत "नवीस" म्हणजे लिहिणारा, त्यातून चिठ्ठ्या लिहिणारा चिटणीस आला, हिशेबाच्या फर्दा लिहिणारा फडणीस आला, आणि फारसी लिहिणारा पारसनीस आला. आपल्या भाषेत सांगायचं तर कोणाच्या तरी पणजोबांचं जॉब टायटल त्यांच्या पणतवंडांचं आडनाव होऊन बसलंय. कल्पना करा, दोनशे वर्षांनी तुमच्या वंशातल्या एखाद्या चित्रकाराचं आडनाव "टेस्टर" असेल.

तिसरा गट धंद्याचा आणि विद्येचा: सुतार, कुंभार, सोनार, माळी, गुरव, ज्योतिषी वरून जोशी, उपाध्याय वरून उपाध्ये, वैद्य, पाठक. आणि चौथा गट माणसाच्या गुणाचा, अंगाचा किंवा एखाद्या प्रसंगाचा: गोडबोले, काळे, गोरे, एकबोटे, वाघमारे, सहस्रबुद्धे, अष्टपुत्रे. हे चिडवायला ठेवलेलं असेल किंवा कौतुकाने, पण कोणा एका माणसाबद्दल होतं. त्याच्यानंतरच्या सगळ्यांना ते आयतं मिळालं. आज एखादा गोडबोले तोंडाने फटकळ असू शकतो आणि एखाद्या सहस्रबुद्धेला एका बुद्धीनेही भागवावं लागतं. त्यात त्यांचा काही दोष नाही.

याशिवाय घराण्यांची नावं आहेतच. जाधवांचं नातं देवगिरीच्या यादवांशी, कदमांचं कदंबांशी, शेलारांचं शिलाहारांशी सांगतात.

आता या सगळ्या गटांकडे एकदम बघा. आडनाव सांगतं की पूर्वज कुठून आला, काय काम करायचा, लोक त्याला काय म्हणायचे. ही सगळी माहिती एका मेलेल्या माणसाबद्दल आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल त्यात एकही अक्षर नाही.

आणि ते दगडावर कोरलेलंही नाही

आपल्याला वाटतं आडनाव म्हणजे काही तरी फार जुनं, अनादी. पण जुन्या मोडी कागदांत पुष्कळ माणसं "अमुक बिन तमुक" अशी भेटतात, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक. बस, एवढंच. शाळेचा दाखला, सरकारी नोकरी, छापील फॉर्म हे सगळं आलं तसं प्रत्येकाला तिसरा शब्द लागायला लागला, आणि एकदा रजिस्टरात चढला की तो चिकटला.

चिकटण्याच्या आधी तो किती सहज बदलायचा हेही बघण्यासारखं आहे. नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू. पेशव्यांचं भट. दीनानाथ मंगेशकरांनी गोव्यातल्या मंगेशी गावावरून आडनाव घेतलं, आणि आज ते जगभर माहीत आहे. तुकाराम महाराजांचं कुळ मोरे, आडनाव आंबिले. आपण दोन्ही म्हणत नाही, तुकाराम म्हटलं की पुरतं. बाबासाहेबांच्या वडिलांचं आडनाव सकपाळ. कोकणातल्या आंबडवे गावावरून शाळेत आंबडवेकर लागलं, आणि पुढे शिक्षकांच्या आडनावावरून ते आंबेडकर झालं, असं त्यांच्या चरित्रांत येतं. आज कोट्यवधी लोक ज्या नावापुढे हात जोडतात ते आडनाव शाळेच्या रजिस्टरात घडलेलं आहे.

माझ्या कामातला एक अनुभव सांगतो. आमच्या एका ॲपच्या फॉर्ममध्ये "लास्ट नेम" हे फील्ड सक्तीचं होतं. रिकामं ठेवलं की लाल अक्षरं यायची. तमिळनाडूतल्या एका युजरची तक्रार आली की मला आडनावच नाही, मी काय भरू? तिकडे आजही पुष्कळ लोक स्वतःचं नाव आणि वडिलांच्या नावाचं आद्याक्षर एवढंच लावतात. त्यामागे एक मोठी चळवळ आहे. १९२९ मध्ये चेंगलपट्टूला स्वाभिमान चळवळीची प्रांतिक परिषद झाली, पेरियार त्या चळवळीचे नेते. नावामागे जात दाखवणारी पदवी लावायची नाही, असा आग्रह तिथून पसरला. म्हणजे आमच्या फॉर्मला जी "अपूर्ण माहिती" वाटत होती, ती कोणाच्या तरी आजोबांनी विचार करून घेतलेली भूमिका होती. आम्ही ती सक्ती काढली. कोड एका ओळीचा होता. पण त्या दिवसापासून मला सत्यकामाची गोष्ट वेगळी दिसायला लागली. गुरूंच्या दारातही एक सक्तीचं फील्ड होतं. मुलाने ते खोटं भरलं नाही आणि गुरूंनी लाल अक्षरं दाखवली नाहीत.

आईचं नाव

जबालाने मुलाला तिच्याजवळ होतं ते दिलं: स्वतःचं नाव. यात तिला काही कमीपणा वाटला असं उपनिषद कुठेही म्हणत नाही. पुढे हा मुलगा मोठा आचार्य होतो, उपकोसल कामलायन त्याच्याकडे बारा वर्षं राहून अग्नींची सेवा करतो, बृहदारण्यकात जनकाच्या दरबारातल्या चर्चेत त्याच्या मताचा उल्लेख येतो. सगळीकडे नाव तेच, सत्यकाम जाबाल. ज्या बाईला आपल्या मुलाचं गोत्र सांगता आलं नाही, तिचं नाव आज आपण वाचतोय.

आणि ही काही एकटी गोष्ट नाही. गीता उघडा. भगवंत अर्जुनाला पुन्हा पुन्हा काय म्हणतात? पार्थ, म्हणजे पृथेचा मुलगा. कौंतेय, म्हणजे कुंतीचा मुलगा. दोन्ही आईवरून. त्यातही पृथा हे तिचं जन्माचं नाव, आणि कुंतीभोजाकडे दत्तक गेल्यावर ती कुंती झाली. सासरी गेल्यावर, राणी झाल्यावर, विधवा झाल्यावरही तिचं पहिलं नाव तिच्या मुलाच्या नावात जिवंत राहिलं, आणि कुरुक्षेत्रावर प्रत्यक्ष भगवंतांच्या तोंडी आलं. बृहदारण्यकाच्या शेवटी गुरूंची एक लांबलचक यादी आहे, त्यात एकामागून एक आचार्य आईच्या नावाने येतात. आणि आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर एखाद्या रविवारी नाशिकच्या पांडवलेणीत जा. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या राणीचा शिलालेख आहे, त्यात तिने आपल्या मुलाचं वर्णन केलंय. तो मुलगा म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी. एवढा मोठा राजा, आणि इतिहासात त्याची ओळख आईच्या नावाने.

आपल्या घरात मात्र काय झालं? माझ्या आजीचं लग्नाआधीचं नाव वेगळं होतं. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि त्या दिवसापासून ती तीच झाली. तिला जुन्या नावाने हाक मारणारा शेवटचा माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो फोन करायचा तेव्हा तिचा आवाज बदलायचा, आम्हा पोरांनाही ते कळायचं. तो गेल्यावर ते नाव उच्चारणारं कोणी उरलं नाही. ज्यांना नाव बदलायचंय त्यांनी जरूर बदलावं, पुष्कळजणी आनंदाने बदलतात. पण लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही, हे कितीजणींना कोणी सांगितलेलं असतं?

२०२४ च्या मार्च महिन्यात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं. बातमी आली तेव्हा ऑफिसात कोणी तरी म्हणालं, हे काय नवीन फॅड. मला हसू आलं. अहो, हे फॅड किमान छांदोग्याइतकं जुनं आहे.

दिलेलं नाव म्हणजे मागितलेलं काही

आडनाव मागून येतं. नाव कोणी तरी ठेवतं. बाराव्या दिवशी पाळण्याभोवती बायका जमतात, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. त्या नावात घरच्यांनी देवाकडे काही तरी मागितलेलं असतं.

देवाचं नाव मुलाला ठेवायची पद्धत का पडली, ते भागवताच्या सहाव्या स्कंधातल्या अजामिळाच्या गोष्टीत दिसतं. मरताना त्याने धाकट्या मुलाला हाक मारली, मुलाचं नाव नारायण, आणि ती हाक भलतीकडेच पोचली. आपल्या गावागावांत पांडुरंग, विठ्ठल, रुक्मिणी, महादेव, खंडेराव का भेटतात त्याचं उत्तर यात आहे. दिवसभर कामात देवाचं नाव घ्यायला सवड नाही, मग निदान पोराला जेवायला बोलावताना तरी ते तोंडात येऊ दे.

आळंदीच्या चार भावंडांची नावं ओळीने घ्या: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. मागे फिरणं, जाणणं, पायरी, सुटका. सगळी साधना चार हाकांत आली. आणि हीच ती मुलं, ज्यांना संन्याशाची पोरं म्हणून समाजाने बाहेर ठेवलं, आणि शुद्धिपत्रासाठी पैठणला जावं लागलं अशी परंपरा सांगते. कोण तुम्ही, कोणाचे, या प्रश्नाची झळ आपल्या माउलींनीही सोसलेली आहे.

काही नावं भीतीतून आलेली असतात. दगडू, धोंडू, कचरू, उकिरडा. आज आपण विनोदात वापरतो, पण ही नावं ठेवणाऱ्या आईची आधीची मुलं पुष्कळदा गेलेली असायची. या वेळी नजर लागू नये, मृत्यूला वाटावं की हा तर दगड आहे, कचरा आहे, म्हणून तसं नाव. त्या नावाइतकं मायेचं नाव क्वचित असेल. पुढच्या वेळी कोणाचे आजोबा धोंडिबा निघाले तर हसू नका, एवढीच विनंती.

आणि काही नावं मात्र सरळ नकारातून आलेली असतात. नकोशी. मुलगा हवा होता आणि मुलगी झाली म्हणून. या मुली शाळेत हजेरी द्यायच्या तेव्हा रोज सगळ्या वर्गासमोर सांगायच्या की मी नको होते. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात एक कार्यक्रम झाला, त्यात अशा २८५ मुलींना नवीन नावं मिळाली. मला त्या कार्यक्रमाची आठवण झाली की वाटतं, यापेक्षा मोठं बारसं कुठे झालं नसेल. जबालेला मुलाच्या बापाचं नाव सांगता येत नव्हतं, तरी तिने त्याला "सत्याची इच्छा करणारा" असं नाव ठेवलं. नकोशीला आई-बाप दोन्ही होते, गोत्र होतं, आडनाव होतं. नाव ठेवताना मात्र हात आखडला.

एकच प्रश्न, दोन दारं

आता महाभारतातला प्रसंग आठवा. हस्तिनापुरात राजपुत्रांच्या शस्त्रविद्येचं प्रदर्शन चाललंय. कर्ण पुढे येतो, अर्जुनाला आव्हान देतो. तेव्हा कृपाचार्य विचारतात, तुझे आई-वडील कोण, कुळ कोणतं, ते सांग. कर्णाची मान खाली जाते.

बघा, प्रश्न तोच आहे जो गौतमांनी विचारला. तिकडेही एक मुलगा ज्याला बापाचं नाव सांगता येत नाही, इकडेही. गौतमांच्या दारात तो प्रश्न ओलांडला गेला. हस्तिनापुरात तोच प्रश्न दाराचा अडसर झाला, आणि कर्णाच्या खांद्यावर हात ठेवायला फक्त दुर्योधन पुढे आला. त्याने तिथल्या तिथे अंगदेशाचं राज्य दिलं. त्या एका क्षणाचं ऋण कर्ण मरेपर्यंत फेडत राहिला. एका चांगल्या माणसाला आपण दारातून परत पाठवतो तेव्हा तो कोणाच्या तरी दारात जातोच. कोणाच्या, ते मग आपल्या हातात राहत नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती झाकून पुढे जाणं बरं नाही. तुमच्यापैकी ज्यांनी मूळ वाचलंय त्यांनी ती पकडली असेलच. गौतम म्हणतात, असं स्पष्ट बोलणं ब्राह्मणाखेरीज कोणाला जमणार नाही. म्हणजे शेवटी वर्णाचाच शिक्का लागला ना? जुन्या भाष्यकारांनी याचा अर्थ असाच घेतला, की मुलाच्या सरळपणावरून गुरूंनी त्याच्या जन्माचा अंदाज बांधला. आधुनिक काळात पुष्कळांनी उलट अर्थ लावला, की जो सत्य बोलतो तोच ब्राह्मण, जन्म काही असो. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण पहिली बाजू ग्रंथपरंपरेत आहे हे मान्य करूनच. दोन्ही अर्थांत एक गोष्ट सारखी राहते: गुरूंनी कागद मागितला नाही, चौकशीला माणूस पाठवला नाही, जबालेला बोलावून घेतलं नाही. समोरच्या मुलाकडे बघितलं आणि निर्णय घेतला.

आमच्या रविवारच्या वाचनाला गेल्या वर्षी एक मुलगा पहिल्यांदाच आला. ओळख करून देताना त्याने फक्त पहिलं नाव सांगितलं. कोणी तरी सहज, अगदी सहज, विचारलं, "पूर्ण नाव?" तो थांबला. दोन-तीन सेकंदच असतील. खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येत होता. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ काका, जे पंचवीस-तीस वर्षं वारी करतायत, त्यांनी सतरंजीवर सरकून जागा केली आणि म्हणाले, "माउली, इकडे या. इथनं पुस्तक नीट दिसतं." विषय संपला. तो मुलगा आता दर रविवारी येतो आणि आमच्यापैकी सगळ्यात चांगलं वाचतो. आमच्या हजेरीच्या शीटमध्ये आता एकच कॉलम आहे, नावाचा.

वारीत हेच होतं. दिंडीत चालणारा कलेक्टर असो, भाजीवाली असो, एकमेकांना हाक एकच: माउली. वारकऱ्यांनी आडनावाविरुद्ध निबंध लिहिले नाहीत. त्यांनी हाकच बदलली. गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी ही नावं आपण धंद्यासकट घेतो, आणि तरी त्यांच्या पाया पडताना तो धंदा कोणाच्या आड येत नाही.

गाई परत आल्या तेव्हा

आता राहिलेली गोष्ट. सत्यकाम वर्षानुवर्षं रानात राहतो. चारशेच्या हजार गाई होतात. गोत्र या शब्दाचा मूळ अर्थ गाईंचा गोठा असा सांगतात. मला ही जुळणी फार आवडते: ज्या मुलाला गोत्र नव्हतं त्याच्या हाती गुरूंनी गाईच दिल्या. वाढव म्हणाले.

परतीच्या वाटेवर त्याला ब्रह्माचा उपदेश मिळतो, एकेक चतुर्थांश. पहिला एक बैल देतो, दुसरा अग्नी, तिसरा हंस, चौथा मद्गू नावाचा पाणपक्षी. आज संध्याकाळी हे चार खंड पुन्हा वाचा आणि एकाच गोष्टीकडे लक्ष द्या: प्रत्येक जण त्याला हाक कशी मारतो? बैल म्हणतो, सत्यकाम. अग्नी म्हणतो, सत्यकाम. हंस आणि मद्गूही तसंच. तो आश्रमात पोचतो तेव्हा गुरूंची हाकही तीच, सत्यकाम. गोत्राचा प्रश्न दारात एकदा विचारला गेला. त्यानंतर ज्ञान ज्यांनी ज्यांनी दिलं त्यांच्यापैकी कोणीही तो पुन्हा काढला नाही. त्यांना पुरलं ते आईने ठेवलेलं नाव, कारण मुलगा त्या नावासारखा वागला होता.

आपलं आडनाव जसं आहे तसं सांगावं. लपवायचं कारण नाही, मिरवायचंही नाही. पण कोणा पूर्वजाची ती जुनी नोंद वाचून समोरच्या माणसाला जोखायचं नाही. माणूस जोखायचाच असेल तर गौतमांसारखा, तो खरं बोलतो का एवढं बघून.

आज करून बघा

१. आजी, आजोबा, मावशी, आत्या, जे कोणी असेल त्यांना फोन करा. आजीचं लग्नाआधीचं नाव आणि तिच्या आईचं नाव विचारा. मिळालं की वहीत लिहून ठेवा. उशीर करू नका, हे विचारायला माणूस कायम राहत नाही.

२. सोसायटीचे वॉचमन, घरकामाला येणाऱ्या मावशी, रोज पार्सल आणणारा मुलगा, यांच्यापैकी ज्याचं नाव तुम्हाला माहीत नाही त्याला ते विचारा. पहिलं नाव. आणि उद्यापासून त्याच नावाने हाक मारा.

३. नवीन कोणी भेटलं आणि त्याने पहिलं नाव सांगून थांबायचं ठरवलं, तर तुम्हीही तिथेच थांबा.

प्रार्थना

पांडुरंगा, ज्या नावाने आईने मला पहिली हाक मारली त्या नावाला शोभेल असं वागायची बुद्धी दे. माझ्या दारात कोणी आलं तर त्याची मान खाली जाईल असा प्रश्न माझ्या तोंडून येऊ देऊ नकोस. आणि ज्यांची नावं घेणारं आता कोणी उरलं नाही, त्यांची नावं तुझ्यापाशी असू दे.

उद्याचं वाचन : छांदोग्य, अध्याय ४, खंड १० पासून. उपकोसलाची गोष्ट. आजचा शिष्य उद्या गुरूच्या जागी बसलेला दिसेल.

राम कृष्ण हरी.